पासिंग झाले, घाट बाकी होता

आमची मारुती व्हॅन पंधरा वर्षांची झाली, त्या दिवशी सौ.ने तिला हळद-कुंकू लावले आणि मी पेढे आणले. पेढे वाढदिवसाचे नव्हते, गाडी ‘पास’ झाल्याचे होते. २००१ च्या मार्चमध्ये नोंदणी झालेली ही ओम्नी मी २००९ साली जुन्या बाजारातून घेतली होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यापुढे ती चालवायची तर आरटीओमध्ये नेऊन दाखवावी लागते आणि ती धडधाकट असल्याची निरीक्षकांची खात्री पटली, तर आणखी पाच वर्षांची मुदत मिळते. यालाच आपण सगळे ‘पासिंग’ म्हणतो. २०१६ च्या मार्चमध्ये मी त्या रांगेत उभा होतो.

मुलीला स्थळ बघायला येणार असावे तशी तयारी केली होती. गाडी धुतली, पत्रा जिथे फुगला होता तिथे पुटी भरून रंग मारला. दिवे, हॉर्न, वायपर पाहिले. पुढचे दोन टायर नवे घातले. निरीक्षकांनी चेसिस नंबर ताडून पाहिला, दिवे लावायला सांगितले, स्टिअरिंग हलवून पाहिले, हँडब्रेक ओढून पाहिला. मग सरळ जमिनीवर गाडी पळवून करकचून ब्रेक लावायला लावला. गाडी रेषेत थांबली, डावी-उजवीकडे ओढली नाही. पर्यावरण कर भरला आणि पाच वर्षांची मुदत पदरात पडली. ज्यांनी तपासले त्यांनी काही चूक केली असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. पुढे जे घडले ते सांगण्याआधी हे मुद्दाम लिहून ठेवतो.

कुंभार्ली घाटात

मेच्या सुट्टीत आम्ही गुहागरला निघालो. आई, सौ., दोन मुले, मी आणि टपावरच्या कॅरियरवर बांधलेले सामान. कऱ्हाड सोडले, पाटण मागे पडले, कोयनानगरला चहा झाला आणि कुंभार्ली घाट सुरू झाला. मला एक खोड होती. उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची आणि ब्रेकवर उतरवायची. पेट्रोल वाचते असा आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांचा समज. त्या दिवशीही तेच चालले होते.

अर्धाअधिक घाट उतरलो असू. एका वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय खाली गेला. जोर लावावा लागला नाही, उशीवर पाय ठेवावा तसा तो नुसता बुडाला. पेडल तळाला टेकले आणि गाडी पुढे जातच राहिली. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. मागे मुलांचे भेंड्या खेळणे चालू होते. हँडब्रेक ओढला, कसाबसा दुसरा, मग पहिला गेअर पाडला. इंजिन किंचाळले. सौ. एवढेच म्हणाली, “अहो, डोंगराकडे घ्या.” डाव्या हाताला डोंगराच्या कडेने पाण्याचा चर होता. त्यात डावे चाक घातले आणि गाडी दगडांवर घासत थांबली. पत्रा गेला, आरसा गेला. माणसे तेवढी शाबूत राहिली.

खाली उतरलो तेव्हा चाकांजवळून जळका वास येत होता. पाठीमागून एसटी आली. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, खाली उतरून चाकाजवळ हात नेला आणि विचारले, “न्यूट्रलवर उतरवत होता काय?” मी मान हलवली. “ज्या गेअरात घाट चढायचा, त्याच गेअरात उतरायचा, साहेब. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.” आईला, सौ.ला आणि मुलांना त्याने चिपळूणपर्यंत एसटीत घेतले. मी गाडीपाशी थांबलो.

या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट त्यानंतर घडली. अर्ध्या तासाने मी सहज पेडल दाबून पाहिले, तर ते टणक. पूर्वीसारखे, पासिंगच्या दिवशी होते तसे! त्या क्षणी तेच निरीक्षक तिथे उभे असते आणि त्यांनी सपाटीवर गाडी पळवून ब्रेक लावायला सांगितला असता, तर गाडी पुन्हा रेषेत थांबली असती आणि पुन्हा पास झाली असती.

ब्रेक ऑइलची गोष्ट

पहिल्या गेअरमध्ये मुंगीच्या पावलांनी पोफळीपर्यंत उतरलो आणि पुढे चिपळूणच्या एका गॅरेजमध्ये गाडी लावली. तिथले मिस्त्री वयस्कर होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी बॉनेटकडे पाहिलेही नाही. विचारले, “ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?”

“कमी झालं की घालतो ना, चाचा.”

“घालता ते ठीक. बदललं कधी?”

उत्तर माझ्याकडे नव्हते. गाडी घेतल्यापासून सात वर्षांत कधीच नाही. त्याआधीच्या मालकाने बदलले असेल तर देव जाणे. चाचांनी मागच्या चाकाचा नट सैल करून थोडे ऑइल काचेच्या बाटलीत काढले. मधासारखे पिवळसर असायला हवे ते चहाच्या गाळासारखे होते.

त्यांनी जे समजावले ते नंतर मी पुस्तकांतून पडताळून पाहिले. ब्रेकचे ऑइल हवेतली ओल शोषून घेते. आपल्याकडच्या गाड्यांत वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या डॉट-३ या प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ओल मुरली की मानकाप्रमाणेच तो १४० अंशांपर्यंत खाली आलेला चालतो. ओल आणखी वाढली तर त्याहूनही खाली. लांबलचक उतारावर ब्रेक सतत दाबलेला असला की चाकाजवळचे ऑइल तापते, उकळते आणि नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबले जात नाही, म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. पाय खाली जातो आणि चाकाला काही कळत नाही. गार झाले की वाफेचे पुन्हा ऑइल होते आणि पेडल टणक लागते. हँडब्रेक चालला, कारण तो तारेवर चालतो. त्याला ऑइल लागत नाही.

ऑइल बदलायला चाचांनी जे पैसे घेतले ते माझ्या पेढ्यांच्या खर्चाहून फार जास्त नव्हते.

तपासणी काय पाहते?

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला. गाडी पास झाली होती, तपासणीही खोटी नव्हती. मग ‘पास’ या शब्दाचा अर्थ तरी काय?

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे व्यवसायाच्या, म्हणजे पिवळ्या पाटीच्या गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागते. नव्या गाडीला ते दोन वर्षांचे मिळते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नवे करावे लागते. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीचे मात्र तसे नाही. पंधरा वर्षे तिला कोणी विचारत नाही. पीयूसी असते, पण ती धुरापुरती. धूर स्वच्छ सोडणाऱ्या गाडीचा ब्रेक कसा आहे, हे पीयूसीला ठाऊक नसते. जुन्या बाजारात आठ-दहा वर्षांची खासगी व्हॅन घेतो तेव्हा, नोंदणीच्या दिवसानंतर सरकारी डोळ्याने ती पुन्हा पाहिलेलीच नसते, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात येते?

तपासणी नीट व्हावी म्हणून प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. एका जनहित याचिकेवरून मुंबई उच्च न्यायालयाने ब्रेकच्या चाचणीसाठी अडीचशे मीटरच्या मार्गाचा आग्रह धरला आणि २०१७ साली असा मार्ग नसलेल्या कार्यालयांना प्रमाणपत्रे देण्यास मनाई केली. २०२१ साली केंद्र सरकारने स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले. अशा केंद्रात गाडीची चाके रुळांवर ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर लावतो ते यंत्र मोजते. दिव्यांचा झोत, स्टिअरिंगचे सांधे यांचीही तपासणी होते. ओळखीचा माणूस किंवा चहापाणी यंत्राला कळत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्या रुळांवरही माझी व्हॅन कदाचित पास झाली असती. कारण तिचा ब्रेक थंड असताना चांगलाच होता. तिचा दोष घाटात, भरल्या गाडीत, पाच-सहा मैलांच्या उतारानंतर उघड होणारा होता. असा उतार कुठल्या तपासणी केंद्रात आणायचा?

२०२२ पासून पंधरा वर्षांच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी सहाशे रुपयांवरून पाच हजार झाली. जुन्या गाड्या कमी व्हाव्यात हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण फी वाढली म्हणून तपासणी खोल झाली, असे कोणी धरून चालू नये.

विलायतेची वही

माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. त्याला हा प्रसंग सांगितला तेव्हा त्याने त्याच्या जुन्या व्हॅनचा नंबर घालून फोनवर एक पान उघडून दाखवले. तिकडे ही तपासणी १९६० साली सुरू झाली. तेव्हा ती दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती, आता तीन वर्षांपासून दरवर्षी असते. मला नवल वाटले ते त्या पानावरच्या मजकुराचे. गाडी कोणत्या वर्षी नापास झाली, कशामुळे झाली, तेव्हा किती मैल चालली होती, पास झाली तरी निरीक्षकाने कुठे बोट ठेवले होते, सगळे ओळीने लिहिलेले. मागचा टायर झिजत आला आहे, ब्रेकची नळी गंजू लागली आहे अशा सूचना. गाडी कोणाचीही असो, नंबर माहीत असला की कोणीही हे वाचू शकतो.

भाचा म्हणाला, “मामा, पण यालाही सगळं कळत नाही हं. इंजिन, क्लच, गेअरबॉक्स तपासतच नाहीत. आणि तपासलं ते त्या दिवसापुरतं.” ब्रेक ऑइल दूषित झाले आहे का, हा मुद्दाही तिकडच्या तपासणीत २०१८ साली आला. जर्मनीत नवी मोटार तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासतात. तिथल्या तपासणी संस्थांचा एक वार्षिक अहवाल निघतो. त्यात कोणत्या मॉडेलच्या, किती वर्षांच्या गाडीत किती दोष निघाले हे छापलेले असते. जुनी गाडी घेणारे लोक तो अहवाल वाचून बाजारात जातात. त्या दोषांत दिव्यांचे दोष वर्षानुवर्षे आघाडीवर असतात, हे वाचून मला जरा धीर आला. बल्ब सगळीकडेच जातात म्हणायचे!

आपल्याकडेही परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीची माहिती दिसते. नोंदणी कधीची, विमा कुठवर, फिटनेस कुठवर, हे कळते. पण ‘वैध’ एवढाच शब्द असतो. काय बिघडले होते, काय दुरुस्त केले, कुठे बोट ठेवले होते, यातले काहीच नसते. तिकडे वही मिळते, इकडे नुसता निकाल. म्हणून मी स्वतःच एक वही घातली.

व्हॅनची दुखणी

दोनशे पानी वही. पहिल्या पानावर चाचांनी सांगितलेली दुखणी लिहिली आहेत. जुनी व्हॅन घेणाऱ्या कोणालाही ती उपयोगी पडतील, म्हणून इथे देतो.

या व्हॅनचा जन्म १९८४ चा. तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन, सरकणारी दारे. पुढे १९८८ साली ‘ओम्नी’ नाव मिळाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. रुग्णवाहिका, शाळेची गाडी, भाजीची गाडी, लग्नाची गाडी अशी सगळी कामे तिने केली. जिला सगळी कामे सांगितली जातात, तिची तब्येत कोणी विचारत नाही. घरोघरी हेच.

चाचा म्हणत, आधी मॅट उचला. पावसाचे पाणी मॅटखाली साचते आणि जमिनीचा पत्रा आतून खातो. सरकत्या दाराचा खालचा रूळ, चाकावरची कमान आणि दाराखालचा उंबरा या तीन जागा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. ठणठण वाजले तर पत्रा आहे, भसभस वाजले तर पुटी आहे. कोकणातल्या, खाऱ्या वाऱ्यातल्या गाडीला हे दुप्पट लागू.

सरकते दार आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडून पाहा. रोलर झिजले की दार अडकते. अडकलेले दार रोज त्रास देते, पण अपघाताच्या दिवशी तेच जिवावर बेतते.

मागचे पाटे बसले आहेत का ते गाडीपासून दूर उभे राहून पाहा. पाचांच्या गाडीत दहा जण बसवलेले असतील तर शेपूट खाली आलेले असते आणि रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गाडी सुटताना खालून ‘टक्’ असा आवाज आला, तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस गेलेला असू शकतो.

इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे ते सहसा कोणी उघडून बघत नाही. सीट उचला. होज पाइप बोटांनी दाबा, तडे दिसतात का पाहा. सीएनजी असेल तर सिलिंडरच्या चाचणीची तारीख मागा, कारण ती दर तीन वर्षांनी करावी लागते. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी नवी दिसली तरी आकडे जुने असले तर रबर म्हातारे झालेले असते. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओले डाग आहेत का ते पाहा. आणि शेवटी ब्रेक ऑइल. वर्ष-दोन वर्षांनी ते काढून नवे घालायचे. कमी झाले की वरून घालणे म्हणजे बदलणे नव्हे.

गिऱ्हाईक

२०१८ च्या मे अखेरीस एक तरुण गाडी बघायला आला. शाळा सुरू होण्याआधी त्याला व्हॅन हवी होती. मुलांची ने-आण करणार होता. कागदावर २०२१ पर्यंतची मुदत पाहिली आणि त्याने पंचावन्न हजार देऊ केले. माझ्या अपेक्षेपेक्षा ते जास्तच होते. कागद खरा होता. त्यावर सही-शिक्का होता. मी काहीच खोटे बोलत नव्हतो.

पण वहीत त्या महिन्याच्या पानावर मीच लिहिले होते, की मधल्या सीटखालचा पत्रा पुन्हा खाल्ला आहे आणि मागचे टायर २०११ चे आहेत. शिवाय पांढऱ्या पाटीच्या, सतरा वर्षांच्या गाडीत शाळेची मुले नेणे नियमातही बसत नव्हते. मी चहा टाकायला सांगायच्या निमित्ताने आत गेलो. सौ.ला आकडा सांगितला. ती चहाच्या पातेल्याकडे बघत म्हणाली, “घाटात आपली मुलं मागे बसली होती. हा कोणाची बसवणार आहे?”

बाहेर येऊन मी वही त्याच्यासमोर ठेवली. त्याने शांतपणे पाने उलटली. मग म्हणाला, “काका, बाजारातल्या बाकीच्या गाड्यांतही हेच असणार. फक्त त्यांची वही नसणार.” मी म्हणालो, शाळेसाठी ही गाडी देणार नाही. तो चिडला नाही. चहा पिऊन निघून गेला. आठवडाभराने कोणाकडून तरी कळले, की त्याने दुसरी व्हॅन घेतली. पासिंग झालेली. त्यानंतर जूनमध्ये सकाळी कोपऱ्यावरून दप्तरांनी भरलेली व्हॅन गेली की मी तिच्या मागच्या टायरकडे पाहत असे. माझ्या नकाराने कोणाचे काय वाचले, हे मला सांगता येत नाही. फार तर माझी झोप वाचली.

२०२१ मध्ये मुदत संपली तेव्हा मी पुन्हा रांगेत उभा राहिलो नाही. व्हॅन भंगारात दिली, चेसिस नंबरचा तुकडा कापून कार्यालयात जमा केला आणि नोंदणी रद्द करून घेतली. वही मात्र ठेवली.

गेल्या दिवाळीत मुलगी आणि जावई जुनी व्हॅन बघायला निघाले. दोघांना मुले आहेत, सामान असते, नवी गाडी परवडत नाही. मुलीने माझी वही मागून घेतली. मीही बरोबर गेलो, पण बोलायचे नाही असे ठरवून. तिने मॅट उचलली, उंबरा ठोकला, टायरचे आकडे जावयाला वाचून दाखवले. मग विकणाऱ्याला विचारले, “ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?”

तो हसला. म्हणाला, “ताई, आत्ताच तर पासिंग झालंय!”

मुलीने वही मिटली आणि माझ्याकडे पाहिले. आम्ही घरी परत आलो. दुसरी गाडी मिळायला दोन महिने लागले. ती घेतल्यावर मुलीने पहिल्या दिवशी ऑइल बदलून घेतले आणि वहीच्या नव्या पानावर तारीख घातली.